टॅली प्राइम एडिट लॉग: मॅनेजरचं कसब आणि सचोटी यातून किती दिसते?

ताळेबंदावर सही संचालकांची आणि सी.ए.ची असते, पण त्यातले आकडे आकाराला येतात अकाउंट्स मॅनेजरच्या टेबलावर. शिल्लक माल किती धरायचा, कोणतं येणं बुडीत मानायचं, ३१ मार्चच्या रात्री निघालेली गाडी याच वर्षात घ्यायची की पुढच्या, हे त्याच्या हातात असतं. म्हणून टॅली प्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या एडिट लॉग आवृत्तीकडे, म्हणजे नोंदींतल्या प्रत्येक बदलाचा माग ठेवणाऱ्या आवृत्तीकडे, आम्ही एकाच अंगाने पाहिलं आहे: हिशेब करणाऱ्या माणसाला काम किती येतं आणि त्याच्यावर विश्वास किती टाकावा, हे या साधनातून कळतं का?

मत आधीच सांगतो. कायद्याची अट पाळायला हे पुरेसं आहे. घाईत केलेली लबाडी आणि अर्धवट माहितीतून झालेल्या चुका ते स्वच्छ दाखवतं. मात्र जाणत्या माणसाने ठरवून वाकवलेला नफा त्यात जवळजवळ दिसतच नाही. तो शोधायला लॉगबाहेरचे कागद लागतात. वाळूजचे सुटे भाग, जालन्याचं बियाणं, परभणीकडचं जिनिंग (कापसातून सरकी वेगळी काढण्याचा धंदा) अशा आपल्या मराठवाड्यातल्या धंद्यांत ते कोणते, हेही इथे सविस्तर देत आहोत.

कायदा काय मागतो, पैसे किती लागतात

कंपनीने वापरायच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक व्यवहाराचा माग राहिला पाहिजे, प्रत्येक बदल तारखेसह टिपला गेला पाहिजे आणि हे टिपणं बंद करता येता कामा नये. हा नियम २०२१ मध्ये आला, दोनदा पुढे ढकलला गेला आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. ही सोय वर्षभर सगळ्या व्यवहारांसाठी चालू होती का, तिच्याशी छेडछाड झाली का, नोंदी जपून ठेवल्या का, यावर ऑडिटरला नियम ११-जी खाली अहवालात लिहावं लागतं. वह्या जपायची मुदत आठ वर्षांची. सक्ती फक्त कंपन्यांना आहे. मोंढ्यातली आडत किंवा भागीदारीतली डाळमिल यांना ती नाही, पण दिवाणजीच्या भरवशावर पेढी सोडून मालक बाहेरगावी असतो, तिथे सक्ती नसतानाही हे वापरण्यासारखं आहे.

टॅलीचे दोन प्रकार आहेत. साध्या टॅली प्राइममध्ये एडिट लॉग चालू-बंद करता येतो. ‘टॅली प्राइम एडिट लॉग’ नावाच्या आवृत्तीत तो बंद करता येत नाही, आणि कंपनीला हीच लागते. लायसन्स तेच चालतं, वेगळे पैसे नाहीत. एका संगणकासाठीचं सिल्व्हर २२,५०० रुपये आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे २६,५५० रुपये. नेटवर्कवर अनेकांनी वापरायचं गोल्ड जीएसटीसह ७९,६५० रुपये. भाव अधूनमधून बदलतात, म्हणून घेण्याआधी विचारून घ्यावं. लायसन्स असतानाही केवळ साधी आवृत्ती टाकून ठेवल्यामुळे ऑडिट अहवालात प्रतिकूल शेरा येऊ शकतो. एवढ्याशा गोष्टीसाठी बँकेपुढे खुलासे देत बसावं लागतं.

लॉगमध्ये व्हाउचर (व्यवहाराची नोंद) कधी तयार झालं, कधी बदललं, कधी खोडलं आणि ते कोणत्या यूझरने केलं हे दिसतं. जुनी आवृत्ती उघडून नव्या आवृत्तीशी फरक पाहता येतो. खोडलेलं व्हाउचरही नोंदीत राहतं. लेजर (खाती) आणि स्टॉक आयटममधल्या बदलांचाही माग राहतो.

सगळं पासवर्डपासून सुरू होतं

यूझर आणि पासवर्डची सुरक्षा चालू केली नाही, तर बदल झाल्याचं कळतं पण तो कुणी केला हे कळत नाही. याहून जास्त आढळणारी खोड म्हणजे एकच ‘अ‍ॅडमिन’ नाव आणि एकच पासवर्ड, जो मालकापासून बिलं करणाऱ्या मुलापर्यंत सगळ्यांना पाठ असतो. अशा ठिकाणी लॉग असून नसल्यासारखा आहे. माणसाची जबाबदारी ठरवण्यासाठी घेतलेल्या साधनात माणूसच गायब.

सत्यम कॉम्प्युटर्स या सॉफ्टवेअर कंपनीचं प्रकरण या मुद्द्यासाठी पुन्हा वाचण्यासारखं आहे. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्षांनी दिलेल्या पत्रात ५,०४० कोटी रुपयांची रोख आणि बँक शिल्लक खोटी असल्याची कबुली होती. तपासात ७,५६१ बनावट बिलं निघाली. बिलांच्या प्रणालीत सर्वाधिकार असलेल्या लॉगिनमधून ती घातली आणि इतरांच्या नजरेआड ठेवली गेली होती. सॉफ्टवेअर चांगलं होतं, माणसं हुशार होती, आणि त्याच्या काही महिनेच आधी कंपनीला सुशासनाचा पुरस्कारही मिळाला होता. सगळे अधिकार असलेलं लॉगिन कुणाकडे आहे, हा पहिला प्रश्न यासाठीच विचारायचा.

मांडणी अशी करावी. मुख्य लॉगिन संचालकाकडे, आणि त्यातून रोजची एकही नोंद करायची नाही. मॅनेजर, बिलिंग, खरेदी, रोखपाल यांना स्वतःच्या नावाचं लॉगिन. सिल्व्हरमध्येही वेगवेगळी यूझर नावं बनवता येतात, फक्त काम एका वेळी एकाच संगणकावर चालतं. ऑडिटरच्या माणसाला वेगळं नाव द्यावं, नाहीतर ऑडिटमधल्या दुरुस्त्या मॅनेजरच्या नावावर चढतात. यूझरच्या अधिकारांत मागच्या तारखेने किती दिवस नोंद करता येईल याची मर्यादा घालता येते. रोखपालाला दोन दिवस आणि बिलिंगला तीन ते पाच दिवस पुरतात. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी त्याचं लॉगिन बंद करावं. आणखी एक गोष्ट सहसा कुणी पाहत नाही: ज्या संगणकावर डेटा आहे त्याची तारीख-वेळ बदलण्याचा अधिकार अकाउंट्स विभागाच्या विंडोज लॉगिनला ठेवू नये.

मोठं भोक मात्र बॅकअपमध्ये आहे. जुना बॅकअप परत चढवून त्यावर नव्याने नोंदी केल्या, तर लॉगही त्या जुन्या दिवसापासून पुढे चालतो. मधलं सगळं पुसलं जातं आणि नोंदी ताज्या दिसतात. हा दोष फाइलवर चालणाऱ्या कोणत्याही प्रणालीत राहतो. उपाय साधा आहे. दर महिनाअखेरचा बॅकअप मॅनेजरच्या हाताबाहेर, संचालकाकडे किंवा ऑडिटरकडे जपावा. सप्टेंबरअखेरचा जपलेला ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) आणि आजच्या डेटातला ३० सप्टेंबरचा ट्रायल बॅलन्स शेजारी ठेवावेत. आकडे वेगळे निघाले, तर प्रत्येक फरकाचा माग लॉगमध्ये सापडलाच पाहिजे. फरक आहे आणि लॉगमध्ये काहीच नाही, म्हणजे डेटाच बदललेला आहे. ऑगस्ट २०२२ पासून इलेक्ट्रॉनिक वह्यांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं कंपन्यांना बंधनकारक आहे. तो नियमाने ठेवत असाल तर हीच तपासणी कोणत्याही दिवसासाठी करता येते.

लॉग वाचायचा कसा

वर्षभरात हजारो बदल असतात. बहुतेक निरुपद्रवी: वर्णनात अक्षर चुकलं, गाडी नंबर राहिला, खर्च चुकीच्या शीर्षाखाली गेला. सगळे वाचू नयेत. १ एप्रिलनंतर बदललेली किंवा खोडलेली मार्चच्या तारखेची व्हाउचरं तेवढी काढावीत, आणि त्यातही विक्री, खरेदी, देणी खर्च (झालेला पण अजून न दिलेला खर्च), संचालकांची खाती आणि रोख ही खाती आधी पाहावीत.

खोडलेल्या रोख पावत्या सगळ्यात आधी. येणं वसूल झालं, पावती फाडली, आठवड्याने व्हाउचर खोडलं गेलं आणि गिऱ्हाइकाच्या नावावर तेच येणं पुन्हा दिसू लागलं, तर त्या गिऱ्हाइकाकडून खात्याचा उतारा मागवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरी जागा अलीकडे तयार झाली आहे. आयकराच्या नियमानुसार (१९६१ च्या कायद्यात कलम ४३बी-एच) सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. मुदत उलटून ३१ मार्चला देणं बाकी राहिलं तर त्या वर्षी खर्चाची वजावट मिळत नाही. उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना हे लागू आहे, निव्वळ व्यापाऱ्यांना नाही. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये १० फेब्रुवारीच्या खरेदीची तारीख २० मार्च होते, किंवा पुरवठादाराचा नोंदणी प्रकार बदलला जातो. लॉगमध्ये हे दोन्ही दिसतं. पडताळायला जीएसटी पोर्टलवरचं जीएसटीआर-२बी (आपल्या खरेदीच्या बिलांचं विवरण) आहेच, त्यात पुरवठादाराने भरलेली बिलाची मूळ तारीख असते. तारीख टॅलीत बदलली तरी तिथे बदलत नाही. इतका सोपा पुरावा उपलब्ध असताना जो मॅनेजर अशी तारीख बदलतो, त्याच्या सचोटीइतकीच त्याच्या समजुतीचीही शंका घ्यावी.

बदलांचा आकडा पाहून माणसाबद्दल मत बनवू नये. बदल कोणत्या दिशेने आहेत ते पाहावं. प्रामाणिक पण कच्च्या मॅनेजरच्या दुरुस्त्या दोन्हीकडे जातात: एकीने नफा वाढतो, दुसरीने कमी होतो, आणि वर्णनात काही लपवलेलं नसतं. कामात पक्का असलेला मॅनेजर जुनं व्हाउचर फारसं उघडतच नाही. चूक सापडली की तो चालू तारखेला दुरुस्तीची जर्नल नोंद (पैसे न हलता फक्त खात्यांत केलेली नोंद) करतो आणि वर्णनात मूळ व्हाउचरचा क्रमांक व कारण लिहितो. मागच्या वर्षातली चूक असेल तर लेखामानक ५ प्रमाणे ती पूर्वकालीन बाब म्हणून वेगळी दाखवतो, चालू खर्चात मिसळत नाही. अंदाज बदलणं आणि चूक दुरुस्त करणं या दोन गोष्टी ते मानक वेगळ्या धरतं. ‘मागच्या वर्षी अंदाज तसा होता’ असं म्हणून सरळ चूक त्यात घालणारा मॅनेजर दिसला, तर ऑडिटरने तिथे थांबून पाहावं.

तिसऱ्या प्रकारचा माणूस हुशार असतो आणि त्याची नीयत बरी नसते. त्याचा लॉग सगळ्यांत स्वच्छ असतो. तो काही बदलत नाही, खोडत नाही. वर्षाच्या शेवटी चार-पाच नव्या जर्नल नोंदी टाकतो, आकडे नीट, वर्णन व्यवस्थित. नवी नोंद म्हणजे बदल नव्हे. लॉग तिला ‘तयार केली’ एवढंच म्हणतो. त्यामुळे या साधनाची मर्यादा मॅनेजरच्या कसबाबरोबर वाढत जाते, आणि ते ओळखूनच ते वापरायला हवं. मार्चअखेरच्या सगळ्या नव्या जर्नल नोंदी, विशेषतः गोल रकमांच्या आणि वर्षातून एकदाच वापरल्या जाणाऱ्या खात्यांतल्या, हाताने वेगळ्या काढून प्रत्येकीचा मूळ कागद मागावा.

कसब वाढलं की हिशेब सुधारतो, याला संशोधनाचाही आधार आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी कंपन्यांच्या अभ्यासात सक्षम व्यवस्थापकांच्या कंपन्यांना जुने आकडे दुरुस्त करून पुन्हा जाहीर करण्याची वेळ कमी आली आणि बुडीत येण्यांचे त्यांचे अंदाज जास्त अचूक निघाले. पण नफ्याचा चढउतार ठरवून गुळगुळीत करण्यात सक्षम व्यवस्थापकच पुढे असल्याचं नंतरच्या कामात दिसलं. कौशल्य दोन्हीकडे चालतं, आणि ते कुठे वापरलं जाईल हे माणसाच्या सचोटीवर ठरतं.

लॉगला न दिसणारा नफा

टॅलीत कंपनीच्या सोयींमध्ये हिशेब आणि मालाची नोंद एकत्र जोडण्याचा पर्याय असतो. तो ‘नाही’ ठेवला तर शिल्लक मालाची किंमत आपण हाताने लेजरमध्ये भरायची असते. एक तारीख, एक आकडा. तो आकडा दहा लाखांनी वाढवला की नफा दहा लाखांनी वाढतो, आणि त्यामागचं सगळं गणित एक्सेलच्या फाइलमध्ये असतं, जिथे लॉग पोहोचत नाही. तपासणीला बसल्यावर हा पर्याय सर्वांत आधी बघावा.

जिनिंगचं उदाहरण घेऊ. दहा हजार क्विंटल कापूस जिनला लागला. रुई ३४ टक्के धरली तर ३,४०० क्विंटल, म्हणजे १७० किलोच्या २,००० गाठी. सरकी ६३ टक्के, घट ३ टक्के. मॅनेजरने रुईचा उतारा ३३ टक्के दाखवला तर गाठी १,९४१ होतात. एका टक्क्यात ५९ गाठी. गाठीला २५,००० रुपये धरले तरी पावणेपंधरा लाखांचा फरक पडतो. कापूस ओला होता, फरदड (हंगामानंतरचा हलका कापूस) जास्त होती, कवडी (किडका कापूस) निघाली ही कारणं खरीही असू शकतात, म्हणूनच हा अंदाज वाकवायला सोपा आहे. इथे पाहायचे कागद म्हणजे प्रेसचं रजिस्टर, त्यातले गाठींचे सलग क्रमांक, सरकीच्या गाड्यांच्या काटापावत्या आणि महिन्याचं वीजबिल. उतारा घसरलेल्या महिन्यात एका गाठीमागे वीज वाढलेली दिसत असेल आणि सरकीची विक्री मात्र त्या प्रमाणात वाढली नसेल, तर गाठी कुठेतरी गेल्या आहेत. जालन्यातल्या पोलाद वितळवणाऱ्या भट्ट्यांना हीच कसोटी विजेच्या युनिटवर लागते, एक टन वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट धरून.

बियाण्यांच्या कंपन्यांत याहून नाजूक प्रश्न आहेत आणि तिथे मॅनेजरला शेतीही कळावी लागते. खरिपाचा माल विक्रेत्यांकडे हंगामाआधी पोचतो, काही ठिकाणी मार्चमध्येच बिलं होतात. पाऊस लांबला, पेरा बदलला की उरलेलं परत येतं. परतीचा हक्क देऊन केलेली विक्री दाखवता येते, पण लेखामानक ९ प्रमाणे मागच्या अनुभवावरून परतीची तरतूद करावी लागते. अकुशल मॅनेजर ही तरतूद करायला विसरतो. अप्रामाणिक मॅनेजर मार्चमध्ये माल विक्रेत्यांच्या गळ्यात घालतो, तरतूद नाममात्र ठेवतो आणि परतीच्या क्रेडिट नोट्स पुढच्या वर्षात ढकलतो. ताळेबंद दोघांचाही सारखाच दिसतो. फरक कळतो तो मागच्या तीन वर्षांची मार्चमधली विक्री आणि पुढच्या सहा महिन्यांतली परत एका तक्त्यात मांडल्यावर. दरवर्षी परत येणारे विक्रेते तेच असतील आणि त्यांची बिलं मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली असतील, तर तो विसरभोळेपणा मानता येत नाही.

सोयाबीनच्या बियाण्याचा शिल्लक साठा हा दुसरा प्रश्न. प्रमाणीकरणाच्या मानकात सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के लागते. सोयाबीनची उगवणशक्ती साठवणुकीत झपाट्याने उतरते. ७० च्या खाली गेलेला लॉट बियाणं म्हणून विकता येत नाही, तो मिलच्या भावाने धान्य म्हणून जातो. लेखामानक २ सांगतं की शिल्लक माल खर्चाची किंमत आणि मिळू शकणारी निव्वळ किंमत यांत जी कमी असेल तिने धरायचा. म्हणजे ३१ मार्चच्या साठ्याच्या यादीत प्रत्येक लॉटपुढे उगवण तपासणीचा निकाल आणि तारीख हवी. ज्या यादीत लॉट, पोती, दर आहेत आणि उगवणीचा रकाना नाही, त्या यादीवर आधारलेला नफा आम्ही खरा मानणार नाही. उगवणीचा अहवाल प्रयोगशाळेकडे असतो, टॅलीत नसतो. तो स्वतः जाऊन मागणारा मॅनेजर असेल तर त्याला काम येतं असं खुशाल समजावं.

वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत दरफरकाचा खेळ असतो. पोलादाचा भाव बदलला की मोठी वाहन कंपनी मागच्या तारखेपासून दर बदलते. वाढ होणार असेल तर मॅनेजर मंजुरीपत्र येण्याआधीच उत्पन्न धरतो, आणि कपात होणार असेल तर डेबिट नोट हातात पडेपर्यंत तरतूद करत नाही. दोन्ही निर्णयांना वेगवेगळं कारण देता येतं. दोन्ही एकाच दिशेला जातात, ही खूण आहे. जॉबवर्कला (बाहेरून करून घ्यायच्या कामाला) गेलेला माल हा आणखी एक कोपरा: प्लेटिंगला, हीट ट्रीटमेंटला चलनावर पाठवलेला माल जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे एका वर्षात परत यावा लागतो, नाहीतर तो पुरवठा मानला जातो. साठ्यात वर्षाहून जुनी चलनं दिसत असतील, तर एकतर माल तिथे नाही किंवा कराची देणी लपलेली आहेत. जॉबवर्करकडून ३१ मार्चची लेखी शिल्लक मागवल्यावर बहुधा उलगडा होतो.

वर्षअखेरची विक्री तपासायला ई-वे बिल, बिल्टी आणि गेटचं रजिस्टर पुरतं. बिल ३१ मार्चचं आणि गाडी गेटबाहेर पडली ३ एप्रिलला, तर विक्री पुढच्या वर्षाची.

बँकेला दिलेला आकडा

कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलासाठीचं बँकेचं कर्ज) असलेल्या प्रत्येक कंपनीत मॅनेजर दर महिन्याला बँकेला स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे साठ्याचं आणि येण्यांचं विवरण, देतो. उचल त्यावर ठरते, त्यामुळे साठा फुगवण्याचा दबाव असतो. जुनी येणी, बहुतेक ठिकाणी ९० दिवसांवरची, उचलीत धरत नाहीत. म्हणून बिलांच्या तारखा ताज्या करण्याचाही मोह होतो. अनेकदा हा दबाव मालकाकडूनच येतो आणि मॅनेजर ‘साहेबांनी सांगितलं’ म्हणून तो निभावतो. मॅनेजरच्या सचोटीची परीक्षा इथे होते, आणि ती एकट्याची राहत नाही. एका आकड्यापुढे नाही म्हणणारा मॅनेजर टिकवायचा की बदलायचा, हे संचालक ठरवतात, आणि त्यावरून संचालकही कळतात.

२०२० च्या कॅरो आदेशात (ऑडिटरने अहवालात काय लिहावं हे ठरवणारा सरकारी आदेश) यावर नेमकं कलम आहे. वर्षात कोणत्याही वेळी पाच कोटींवर खेळत्या भांडवलाची मर्यादा मंजूर असेल, तर बँकेला दिलेली तिमाही विवरणं वह्यांशी जुळतात का हे ऑडिटरला लिहावं लागतं. त्यासाठी जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च या चार तारखांचा साठा, येणी आणि देणी टॅलीतून काढून बँकेच्या प्रतीशी लावावी. इथे एडिट लॉग खूप कामाचा आहे. स्टेटमेंट दिल्यानंतर त्या तारखेच्या नोंदी बदलून आकडा जुळवला असेल, तर बदलाची तारीख ते उघड करते. लहान कंपन्यांत मात्र बँकेची फाइल एक्सेलमध्येच बनते आणि टॅलीशी तिचा संबंध नसतो. मग फरक एवढा मोठा निघतो की लॉग पाहायची गरजही पडत नाही.

एका तक्त्याने कसब आणि सचोटी

इतकं करायला वेळ नसेल तर एकच काम करावं. मागच्या तीन ३१ मार्चचे अंदाज घ्यावेत: बुडीत येण्यांची तरतूद, देणी खर्च, मालाच्या परतीची तरतूद, शिल्लक मालाची किंमत. प्रत्येकापुढे प्रत्यक्षात नंतर काय झालं ते लिहावं. किती येणं खरंच बुडलं, किती बिलं आली, किती माल परत आला, साठा कोणत्या भावाने गेला. ऑडिटरांना लेखापरीक्षण मानक २४० आणि ५४० प्रमाणे असं मागे वळून पाहावंच लागतं, पण संचालकांनीही पाहायला हरकत नाही. पुण्यातून कुणी यायची गरज नाही, अकाउंट्सच्या जाणकाराचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

अंदाज आणि प्रत्यक्ष यांतलं अंतर किती, यावरून कसब कळतं. ते अंतर दरवर्षी एकाच बाजूला पडतं का, यावरून सचोटी. अंतर मोठं पण कधी इकडे कधी तिकडे असेल तर मॅनेजरला प्रशिक्षण द्या, गोडाउन आणि विक्री विभागाशी बसवा, माहिती वेळेवर मिळेल असं पाहा. अंतर लहान पण तिन्ही वर्षं नफा वाढवणारं असेल तर प्रशिक्षणाने काही होणार नाही. त्या माणसाला काम उत्तम येतं. संचालकांच्या अहवालात कलम १३४ खाली ‘अंदाज वाजवी आणि विवेकी आहेत’ असं विधान असतं, आणि त्यावर सही करणाऱ्याने हा तक्ता आधी मागवावा. बहुतेक प्रायव्हेट कंपन्यांना सीएफओ (मुख्य वित्त अधिकारी) नेमण्याची सक्ती नाही, त्यामुळे ही सही थेट मालकाच्या अंगावर येते.

घ्यावं का?

कंपनी असेल आणि टॅलीवर काम चालत असेल तर एडिट लॉग आवृत्तीच टाकावी, दुसरा विचार नको. नवीन आवृत्ती वर्षाच्या मध्ये टाकली तर वर्षाच्या आधीच्या भागाबद्दल ऑडिटर शेरा लिहील, म्हणून ती १ एप्रिलला सकाळी, पहिलं व्हाउचर होण्याआधी टाकलेली बरी. पगार, उत्पादन किंवा वजनकाटा वेगळ्या सॉफ्टवेअरवर असेल आणि तिथून आकडे हिशेबात येत असतील, तर त्या सॉफ्टवेअरमध्येही बदलांचा माग राहतो का हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावं. नियम टॅलीपुरता नाही. गावातला टॅली पार्टनर आवृत्ती बसवून देतो, पण यूझरचे अधिकार ठरवणं त्याच्यावर सोडू नये. कोणाला काय दिसावं आणि काय बदलता यावं याची यादी संचालकाने स्वतः कागदावर करून द्यावी, सहीनिशी, आणि माणूस किंवा काम बदललं की ती यादीही बदलावी.